सहा शनिवार आणि एक शंभरपानी वही

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका समुपदेशन केंद्राने भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी चालवलेला सहा शनिवारांचा प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क ४,५०० रुपये होते आणि वेळ दुपारी २ ते ५ अशी होती. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे ही वेळ सोयीची ठरली. सिडकोहून डबा खाऊन निघाले तरी वेळेत पोहोचता येत असे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला मराठी शिकवते आणि माझ्या वर्गाच्या पटावर ५४ मुले आहेत. हा आकडा सुरुवातीलाच सांगते, कारण या प्रशिक्षणवर्गाविषयीची माझी बहुतेक तक्रार त्याच्याशी निगडित आहे.

वर्गाचे खरे मोल दुसऱ्या शनिवारी कळले. त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या वर्गातील ‘हाताबाहेर गेलेला’ एकेक विद्यार्थी मनात धरून एका वहीत तीन रकाने आखायला सांगण्यात आले : घटनेच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. मधल्या रकान्यात ‘उद्धट वागला’, ‘दंगा केला’ असे शेरे लिहायला सक्त मनाई होती. डोळ्यांना जे दिसले आणि कानांना जे ऐकू आले तेवढेच लिहायचे. आम्ही वीस-बावीस शिक्षक होतो आणि पहिल्या प्रयत्नात एकालाही ते धड जमले नाही. ‘मुद्दाम बाक हलवला’ या माझ्या वाक्यातील ‘मुद्दाम’ या शब्दावर प्रशिक्षक मॅडमनी लाल रेघ मारली, तेव्हा मला थोडा रागच आला होता.

वही मात्र मी नेटाने भरली. माझ्या वर्गातील एक मुलगा आठवड्यातून तीन-चारदा तरी असा गोंधळ घालत असे की तास बंद पाडावा लागे. कंपास फेकणे, पुढच्याच्या पाठीत गुद्दा मारणे, एकदा तर बाकच आडवा करणे. स्टाफरूममध्ये त्याच्याविषयी ‘घरचे वळण नाही’ हे मत पक्के झाले होते आणि मीही त्याला दुजोरा देत असे. तीन आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसले, की अकरापैकी नऊ घटना प्रकटवाचनाच्या तासाच्या आहेत. पुढच्या तासाला मी फळ्याकडे न वळता त्याच्याकडेच पाहत राहिले. वाचन रांगेने चालले होते. आपली पाळी कधी येणार, हे तो बोटांवर मोजत होता आणि त्याच्या पुढचा तिसरा मुलगा वाचायला उभा राहताच त्याचा हात कंपासकडे गेला. कंपास खाली आदळला, मी ओरडले आणि त्याला नेहमीप्रमाणे वर्गाबाहेर उभे केले. पाळी टळली. तिसऱ्या रकान्यात त्याला काय मिळाले हे लिहिताना माझाच हात थबकला, कारण त्याला हवे होते ते मीच वर्षभर न चुकता देत आले होते.

पुढचा उपाय प्रशिक्षणवर्गात शिकवल्याप्रमाणेच केला. त्याचे एकच वाक्य आदल्या दिवशी ठरवून द्यायचे, मधल्या सुट्टीत ते माझ्यापाशी दोनदा वाचून घ्यायचे आणि पाळी रांगेने न येता माझ्या हाकेने येईल असे करायचे. वाचनातच मूळ अडचण असावी, या शंकेवरून तपासणीसाठी पालकांशीही बोलणे झाले. ‘बाई, तो घरी वही उघडतच नाही,’ असे त्याची आई गेल्या दिवाळीपासून सांगत होती; आम्हीच त्याकडे आळस म्हणून पाहिले.

निदान आणि निरीक्षण यांतील सीमारेषा प्रशिक्षकांनी फार चांगली आखून दिली, आणि याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. अवधानदोष आणि अतिचंचलता ज्याला म्हणतात, त्या विकाराच्या निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी आढळावी लागतात. फक्त माझ्याच तासाला चुळबुळ करणारे मूल त्या निकषात बसत नाही. तिथे माझा तासही तपासावा लागतो. शिक्षकाने विकाराचे नाव उच्चारू नये, आपली वही तज्ज्ञांपुढे ठेवावी, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले.

कायद्याचे सत्र मात्र धावते झाले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे, एवढे सांगून ते पुढे गेले. अमेरिकेतील विशेष शिक्षणाच्या कायद्यात भावनिक विक्षोभाचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, पण वर्तनविषयक विकार या नावाचा वेगळा प्रकार नाही. परिणामी अशी पुष्कळ मुले कोणत्याच रकान्यात न बसता ‘वांड’ म्हणूनच वावरतात. यावर चर्चा व्हायला हवी होती, पण चहा आला.

आता तक्रारी. दाखवलेल्या चित्रफितींत परदेशी वर्ग होता, आठ मुले होती, दोन शिक्षिका होत्या आणि कोपऱ्यात गालिचा घातलेली शांत जागा होती. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगतो. माझ्या वर्गात गालिचा तर सोडाच, दप्तर ठेवायला जागा नाही. एका मुलाशी खालच्या आवाजात पाच मिनिटे बोलताना उरलेल्या ५३ जणांचे काय करावे, हा प्रश्न तिघांनी विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर ‘सहायक शिक्षकाची मदत घ्या’ असेच मिळाले. मराठीत दिलेली टिपणे तर बहुधा कोणीतरी घाईत भाषांतरित केलेली असावीत. ‘सकारात्मक प्रबलन अनुसूची’ हे शब्द वाचून शेजारच्या सरांनी विचारले, ‘मॅडम, म्हणजे शाबासकी कधी द्यायची, हेच ना?’ तेच होते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. लक्ष वेधून घेण्यासाठी केलेल्या वर्तनाकडे दुर्लक्ष करा, हे शिकवले. पण दुर्लक्ष सुरू केल्यावर ते वर्तन कमी होण्याआधी काही काळ वाढू शकते, ही माहीत असलेली गोष्ट कोणी ठसवली नाही. दुसऱ्या एका मुलावर मी तो उपाय केला आणि चौथ्या दिवशी वर्गात जो हलकल्लोळ झाला, त्याने घाबरून मी पुन्हा ओरडले. म्हणजे जितका जास्त गोंधळ, तितके नक्की लक्ष, असाच धडा त्याला मिळाला. टिपणाच्या अकराव्या पानावर तळटिपेत ती सूचना होती, हे मला नंतर दिसले.

शेवटच्या दिवशी दिलेल्या यादीत खासगी मानसोपचारतज्ज्ञांची नावे होती, पण १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा शासकीय, मोफत क्रमांक नव्हता. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या पालकांना परवडणारी आहे. तिचा उल्लेख राहून जावा हे खटकते. केंद्रात विकायला ठेवलेला ९०० रुपयांचा ‘वर्तन संच’ घेऊ नये. त्यातील तक्ते जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आखता येतात.

पुढची तुकडी निघाली तर आमच्या शाळेतील नव्या शिक्षिकेला मी जरूर पाठवीन, मात्र शंभरपानी वही पहिल्याच शनिवारी बरोबर न्यायला सांगेन आणि टिपणाचे अकरावे पान आधी वाचायला सांगेन. प्रशिक्षणानंतर महिनाभर दूरध्वनीवरून मार्गदर्शन देण्याचे आश्वासन शुल्कातच धरलेले होते. सात आठवडे झाले, दोन निरोप पाठवले, पण फोन आलेला नाही. प्रमाणपत्र तेवढे तिसऱ्याच दिवशी घरपोच आले.