74 हजारांची नाळ

मी मिरजेत हायस्कूलला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना "शिकलेली बाई, फसली कशी?" असं मनात येणारच. माझ्या सासूबाईंनी तर ते तोंडावरच विचारलं. दहावीच्या पुस्तकात मूलपेशींचा भाग आहे. नाभिनाळेतलं रक्त द्रवरूप नायट्रोजनमध्ये कसं जपून ठेवतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्यामुळे नाळेचं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खाजगी कंपनीची मुलगी दारात येऊन तेच बोलायला लागली तेव्हा मला ती ओळखीचीच वाटली.

2019 सालची गोष्ट. पहिली वेळ, चौथा महिना. रक्ताच्या तपासणीत मला थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा दोष माझ्यात होता, आजार नव्हता. डॉक्टरांनी लगेच नवऱ्याची तपासणी करून घेतली, त्याची नॉर्मल आली. "मग काही काळजी नाही," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर पन्नास बायका ताटकळत बसलेल्या, त्यांना तरी किती दोष देणार. पण ते एक वाक्य त्यांनी दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं, तर माझे 74 हजार वाचले असते.

चार दिवसांनी फोन आला. "ताई, तुमचा रिपोर्ट मायनर आलाय ना? बाळासाठी काही विचार केलाय का?" माझा रिपोर्ट हिला कुणी दाखवला, हे विचारायचं त्या क्षणी सुचलं नाही. मी घाबरले होते. वेटिंगमध्ये "मोफत पुस्तिका" म्हणून एक फॉर्म भरून घेतला होता, त्यावर मोबाईल नंबर होता. पण रिपोर्ट? तो तर फाईलमध्ये होता. काय ते समजा.

रविवारी ती घरी आली. अंगात पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर "समुपदेशक". सासूबाईंनी पोहे केले. तिने नाळेच्या रक्ताने बरे होतात म्हणून ऐंशी आजारांची यादी दाखवली, मग पॅरिसची गोष्ट सांगितली. 1988 मध्ये तिथे एका लहान मुलाला रक्ताचा जीवघेणा आनुवंशिक आजार होता, आणि नाळेच्या रक्ताने तो बरा झाला. गोष्ट खरी आहे. त्या आजाराचं नाव फँकोनी ॲनिमिया. तिने फक्त एक शब्द गाळला: कोणाच्या नाळेचं. ते रक्त त्या मुलाचं नव्हतंच, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं.

हा शब्द गाळला की सगळं उलटं होतं. थॅलेसेमिया हा जनुकातला दोष. बाळाला तो असेल, तर बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच असणार. आजारी मुलाला त्याच्याच नाळेचं रक्त देणं म्हणजे किडलेलं बियाणं जपून ठेवून पुढच्या हंगामात तेच पेरणं. ल्युकेमियातही, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातही, डॉक्टर मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त सहसा वापरत नाहीत, कारण बिघाडाची सुरुवात कधी कधी जन्माआधीच त्या रक्तात झालेली असते. त्या यादीतले बहुतेक आजार बरे होतात ते दुसऱ्याच्या, जुळणाऱ्या पेशींनी. भावंड आधीच आजारी असेल तर नव्या बाळाचं रक्त ठेवण्यात अर्थ आहे. आमच्या घरात तर कुणीच आजारी नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, जिची मला अजून लाज वाटते. आई मायनर आणि बाप नॉर्मल, तर मूल एक तर नॉर्मल नाही तर मायनर. मेजर, म्हणजे खरा आजार, होऊच शकत नाही, त्यासाठी दोन्हीकडून दोष यावा लागतो. नववीच्या मुलांना सिकलसेलचा तक्ता काढून मी हेच शिकवते. पण ती मुलगी म्हणाली, "ताई, रिस्क घ्यायची का?" आणि पाचव्या महिन्यातल्या बाईला तक्ते आठवत नाहीत.

रक्ताचे 56 हजार. वर नाळेचा तुकडाही ठेवायचा, त्याचे 18 हजार, "त्यातल्या पेशी उद्या गुडघ्यापासून मेंदूपर्यंत कुठेही चालतील." 8 हजार आगाऊ, बाकीचे 2750 चे 24 हप्ते. नवरा थोडा कुरकुरला. तेव्हा ती म्हणाली, "सर, डोहाळजेवणाला यापेक्षा जास्त खर्च होतो." नवरा गप्प झाला. आमचा हॉलसुद्धा बुक झालेला होता.

बाळंतपणाच्या रात्री नवऱ्याचं सगळं लक्ष त्यांनी दिलेल्या किटच्या डब्यात. पावसात स्कूटरच्या डिकीत तो डबा घेऊन आला. टेबलावर मला एवढंच ऐकू येत होतं, "लवकर क्लॅम्प करा, पिशवीत यायला पाहिजे." बाळ जन्मल्यावर नाळ निदान एक मिनिट तरी बांधू नये, ते रक्त बाळाच्या अंगात जाऊ द्यावं, त्याने पुढे लोह कमी पडत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मला खूप नंतर कळलं. माझ्या लेकीचं तिच्या हक्काचं रक्त मी पैसे देऊन पिशवीत भरून घेतलं. रक्त काढल्याचे 3 हजार दवाखान्याने रोख घेतले, पावती नाही.

महिन्याभरात सोनेरी कडेचं प्रमाणपत्र आलं, "अभिनंदन". सासूबाईंनी ते देवघराशेजारी लावलं. त्याच्यामागे जोडलेला कागद कुणी वाचलाच नाही. त्यावर होतं: रक्त 41 मिली, एकूण पेशी 30 कोटी.

2023 मध्ये दुसऱ्या वेळेला दिवस गेले. पुन्हा फोन, "जुन्या ग्राहकांना 20 टक्के सूट." या वेळचा दवाखाना वेगळा होता. तिथल्या डॉक्टर मॅडमना मी तो कागद दाखवला. त्यांनी आधी नवऱ्याचा जुना रिपोर्ट मागितला, पाहिला आणि विचारलं, "हे नॉर्मल आहेत, मग मेजर येणार कुठून?" मी विज्ञान शिकवते हे त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी पेशींचा हिशेब दाखवला. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी तरी लागतात. 30 कोटी भागिले अडीच कोटी. बारा किलो. माझी लेक तेव्हा सोळा किलोची होती. म्हणजे ती पिशवी कुणाच्या कामाची असलीच, तरी दोन-तीन वर्षांच्या मुलापुरती. दान केलेलं रक्त ठेवणाऱ्या सार्वजनिक पेढ्या इतक्या कमी पेशींची पिशवी ठेवतच नाहीत. खाजगीवाले ठेवतात, कारण हप्ते चालू असतात.

नाळेच्या तुकड्याचं तर आणखीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे फक्त नाळेचं रक्त साठवायला परवानगी आहे. नाळेचा तुकडा, वार, दात, चरबी, यातलं काही नाही. आणि रक्तसुद्धा स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं त्यातच म्हटलं आहे. 2018 मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसंच सांगितलं. म्हणजे मी 2019 मध्ये सही केली तेव्हा हे दोन्ही कागद बाहेर आलेले होते.

पैसे परत मागितले. त्यांनी करारातलं कलम पाठवलं: वैद्यकीय उपयोगाची कोणतीही हमी नाही. खाली बारीक अक्षरात, वाद झाल्यास त्यांच्या शहरातलं न्यायालय. या ओळीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची असते. माझी उलटून गेली होती. उशिराची सबब मांडून अर्ज करता येतो असं वकील म्हणाले, पण सातवा महिना लागला होता, मी सोडून दिलं. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.

त्या सवलतवाल्या मुलीचा दोन दिवसांनी परत फोन आला. या वेळी मी शांतपणे म्हटलं, तुमची योजना घेते, फक्त दोन ओळी व्हॉट्सॲपवर लिहून द्या: बाळाला थॅलेसेमिया मेजर झाला तर त्याच्याच नाळेच्या रक्ताने तो बरा होतो, आणि नाळेचा तुकडा साठवायला सरकारची परवानगी आहे. खाली कंपनीचं नाव आणि तुमची सही.

"मॅडमना विचारून सांगते, ताई."

मी त्याच दोन ओळी टाईप करून तिला पाठवल्या. निळ्या खुणा दिसल्या. धाकटा आता चालायला लागलाय, उत्तर अजून यायचंय.