चार रविवारांची पालक-कार्यशाळा: कोथरूडमधील एक अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मुलाच्या गृहपाठावरून आमच्या घरी रोज संध्याकाळी जे रणकंदन होऊ लागले, त्याला कंटाळून आम्ही नवरा-बायकोने कर्वे पुतळ्याजवळ भरणाऱ्या एका पालक-कार्यशाळेत नाव नोंदवले. चार रविवार, सकाळी १० ते १२.३०, दोघांचे मिळून २,८०० रुपये, त्यात चहा आणि साबुदाण्याची खिचडी. पुढे काही तक्रारी असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

पहिल्या रविवारी पालकत्वाच्या शैलींची ओळख करून देण्यात आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास करून तीन शैली मांडल्या होत्या: सांगितले तेवढे ऐकायचे, ही हुकूमशाही; मूल मागेल ते देणारी, लाडावणारी; आणि नियम पक्का ठेवून त्याचे कारणही मुलाला सांगणारी, जिला आमच्या समुपदेशक ‘ठाम पण प्रेमळ’ म्हणत होत्या. पालकांच्या अपेक्षा किती आणि मुलाला त्यांचा प्रतिसाद किती, अशा दोन मापांवर मानसशास्त्रज्ञ एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी १९८३ मध्ये हीच मांडणी बसवली, तेव्हा दोन्ही बाबतींत उणी असलेली चौथी, दुर्लक्ष करणारी शैली वेगळी दिसू लागली. हा भाग नेटका झाला, फक्त पडद्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत का होता, हे कळले नाही; सभागृहात बसलेले जवळजवळ सगळेच मराठीत बोलत होते.

खरे मोल दुसऱ्या रविवारचे. जोड्या करून एक प्रसंग वठवायचा होता: उद्या गणिताची चाचणी आहे आणि मूल मोबाइल सोडत नाही. मी मूल झालो आणि एक अनोळखी गृहस्थ माझे वडील. ‘आण तो मोबाइल इकडे!’ असे ते दरडावताच चाळिशी ओलांडलेल्या माझ्या हाताने फोन आपोआप सतरंजीखाली सरकवला. दुसऱ्या खेपेस त्यांनी विचारले, ‘डाव संपायला किती वेळ लागेल?’ मी दहा मिनिटे म्हटले. ‘मग दहा मिनिटांनी वही,’ एवढेच म्हणून ते घड्याळ पाहत बसले, आणि फोन लपवण्याचे मला सुचलेही नाही. धाकाने मूल ऐकते तसे लपवायलाही शिकते, हे मी पूर्वी वाचले होते, पण सतरंजीखाली गेलेला स्वतःचा हात पाहिल्यावर ते पटले.

तिसऱ्या रविवारी मात्र मांडणी सैल पडली. ठाम पण प्रेमळ घरांतील मुले अधिक आत्मविश्वासाची आढळतात, हे निरीक्षण पाककृतीसारखे सांगितले गेले. मूल मुळातच हट्टी असेल तर त्या हट्टापायीच आईवडील कठोर होत असतील, ही उलटी शक्यता कोणी काढली नाही. अमेरिकेतील चिनी वंशाच्या घरांत कडक शिस्त ही काळजीपोटी दिलेली शिकवण मानली जाते, म्हणून हुकूमशाहीचा शिक्का तिथे नीट बसत नाही, असे संशोधक रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवले होते. डोळे वटारून वाढवलेल्या आपल्या पिढ्यांसमोर हा विषय निघायलाच हवा होता.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. आमच्या घरी मी दरडावतो, बायको समजावते, आणि माझी आई आठ वर्षांच्या नातवाला ओट्यापाशी बसवून अजून भरवते. मग आमच्या घराची शैली कोणती? यावर ‘आईवडिलांनी एकमत करावे’ एवढेच उत्तर मिळाले. पेठेतला वाडा सोडून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलेल्या कित्येक कुटुंबांनी आजी बरोबरच आणली आहे, पण कार्यशाळेत आजी-आजोबांना प्रवेश नव्हता. चौथा रविवार शंकांसाठी राखलेला होता. त्यातला जवळजवळ अर्धा तास पुढच्या ६,५०० रुपयांच्या अभ्यासक्रमाची माहिती देण्यात गेला.

पाचपैकी तीन गुण देईन, त्यातले दोन दुसऱ्या रविवारचे. तेवढ्या एका दिवसाची वेगळी नोंदणी होत असेल तर जरूर करावी, आणि घरात आजी असेल तर तिला बरोबर आणता येईल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.