हाताने जोडलेला व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास जोडून झालेला हा कॉम्प्रेसर, म्हणजे चढलेला आवाज आपोआप दाबून पातळी सारखी ठेवणारं यंत्र, दादरच्या आमच्या छोट्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आता रोज चालतो. आराखडा टेलेट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२एचा, म्हणजे जिम लॉरेन्स यांच्या १९६०च्या दशकातल्या यंत्राचा. वापरायला मुख्य नॉब दोनच, गेन (बाहेर पडणारा आवाज किती) आणि पीक रिडक्शन (दाब किती). आत दोन १२एएक्स७, एक १२बीएच७ आणि एक ६एक्यू५ असे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. पण आवाज दाबतो तो टी४ नावाचा बंद डबा. आवाज चढला की त्यातली पट्टी उजळते, समोरच्या फोटोरेझिस्टरचा (उजेडाप्रमाणे रोध बदलणाऱ्या भागाचा) रोध उतरतो आणि तेवढा सिग्नल अर्थकडे वळतो.

गळ्यासाठी याच्यासारखं दुसरं काही मी वापरलेलं नाही. दाब सुटताना निम्मा साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सावकाश, कधी काही सेकंद घेत. पट्टी जितका वेळ उजळलेली, तितकं सुटणं लांबतं. नाट्यगीत गाणारा तार षड्जावर ठहराव घेऊन खाली उतरतो, तेव्हा आवाजाची पातळी धक्का न देता पूर्ववत होते. मीटरवर ४-५ डेसिबल दाब दिसत असतो, कानाला काहीच जाणवत नाही. अभंग, पेटी, पुस्तकवाचन, सगळं यातूनच जातं. कुणाचे 'स' आणि 'श' टोचत असतील तर आतला आर३७ ट्रिमर (छोटा बदलता रेझिस्टर) थोडा फिरवते. मग अशा उंच, टोकदार आवाजांना कॉम्प्रेसर लवकर दाद देतो.

ढोलकीला मात्र हा चालत नाही. दाब बसायला सरासरी १० मिलिसेकंद लागतात, तोवर थापेचं टोक निघून गेलेलं असतं. तिथे एफईटीवर (एका जातीच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा कॉम्प्रेसरच हवा.

पीसीबी (तांब्याचे मार्ग छापलेली पाटी) न वापरता भागाला भाग जोडल्याने आवाज गोड होतो, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. नीट आखलेल्या पीसीबीवरही तो असाच वाजेल. फायदा दुसरीकडे आहे. पहिल्यांदा चालू केला तेव्हा मागे बारीक ५० हर्ट्झची घरघर होती. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यात दाबल्या, मग यंत्र चालू ठेवूनच कोरड्या लाकडी काडीने इनपुटची तार इकडेतिकडे सरकवत घरघर सर्वात कमी कुठे होते ते ऐकलं आणि तिथेच तार बांधली. पीसीबीवरचा तांब्याचा मार्ग असा सरकवता येत नाही. जुलैत पीक रिडक्शनच्या नॉबमागचा पॉट (बदलता रेझिस्टर) खरखरायला लागला, तेव्हाही झाकण काढून, सांधे सोडवून नवा बसवला आणि संध्याकाळचं रेकॉर्डिंग ठरल्या वेळी झालं.

जुन्या रूपाच्या हौसेपायी कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर घालू नका. ते ओलावा शोषतात, किंमत सरकते, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. मी सगळीकडे मेटल फिल्म वापरले. खसखसही कमी येते. रेझिस्टर, टॅगस्ट्रिप (भाग जोडायच्या पट्ट्या), तारा, सॉकेट मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाले. ट्रान्सफॉर्मर आणि टी४ बाहेरून मागवले, आणि निम्म्याहून जास्त खर्च त्यांचाच झाला. घरघर टाळायला पॉवर ट्रान्सफॉर्मर इनपुट ट्रान्सफॉर्मरपासून लांब आणि काटकोनात बसवा. ही जागा चॅसिसला भोकं पाडण्याआधीच ठरवावी लागते.

आणि कृपा करून हे वाचा. आत २५० व्होल्टच्या वर डीसी फिरतं, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवतात. हा साठा हळूहळू रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर हवाच, तरी हात घालण्याआधी दरवेळी मल्टिमीटरने मोजा. वर सांगितलेलं काडीचं काम एका हातानेच करा, दुसरा चॅसिसपासून दूर. व्हॉल्व्हची जोडणी तुमची पहिलीच असेल तर शेजारी जाणकार माणूस बसलेला असू द्या.

रोजच्या वापरात एक शिस्त लागते. चालू केल्यावर वीसेक मिनिटं तापू द्यावा, मग मीटरचा शून्य जुळवावा. आधी जुळवला तर तो सरकतो. ६एक्यू५ मला जुन्या साठ्यातलाच मिळाला, म्हणून एक जादा घेऊन ठेवला आहे. आता स्टिरिओसाठी दुसरा जोडायला घेतला आहे. त्यासाठी पहिल्याशी जुळणारा टी४ हवा, नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दाबतील आणि गाणं मधूनच एका कानाकडे कलेल.