आठ महिने, पाच हाऊस रूल आणि डायनिंग टेबलावरचं वॉटर्लू

टेबलावर छोट्या सैनिकांनी जुन्या लढाया खेळायचा आमचा छंद. त्यात जूनमध्ये सुरू केलेले पाच हाऊस रूल, म्हणजे विकतच्या नियमांना घरी जोडलेले नियम, आम्ही फेब्रुवारीपर्यंत चालवले. एक आड एक रविवारी एक लढाई, म्हणजे पंधरा-सोळा डाव झाले असतील. पाचांतले दोन टिकले, एक अर्धा उरला, एक गेला आणि एकावर अजून भांडण चालू आहे.

आमचा संसार साधा. डायनिंग टेबलावर ६ बाय ४ फुटांचा प्लायवूड, त्यावर हिरवं कापड, खऱ्याच्या १/७२ मापाचे प्लास्टिकचे सैनिक, एका बेसवर (तळपट्टीवर) चार आणि सहा बेसची एक बटालियन. मूळ नियम विकतचे आणि सुटसुटीत आहेत. खोट एकच. टेबलावर वाकलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि तो क्षणात कुणालाही कुठेही हलवतो. नेपोलियनला ही सोय असती, तर वॉटर्लूच्या लढाईत प्लांसनुआ गावाच्या बाजूने इंग्रजांच्या मदतीला येणारे प्रशियन त्याने केव्हाच हेरले असते.

म्हणून पहिला नियम चिठ्ठीचा. सेनापतीने बोलायचं नाही, जास्तीत जास्त दहा शब्दांत हुकूम लिहायचा. घोड्यावरचा एडीसी (सेनापतीचा हुकूम पोचवणारा अधिकारी) ती चिठ्ठी घेऊन एका टर्नला १२ इंच जातो. पोचेपर्यंत जुनाच हुकूम चालू. आणि चिठ्ठी वाचणाऱ्याने स्वतःला समजेल तसं वागायचं, विचारायचं नाही.

ऑक्टोबरातला डाव विसरता येत नाही. मेहुण्याकडे नेपोलियनचा सरदार मार्शल ने होता. (‘मार्शल नेने हल्ला केला’ म्हटलं की भाचा अजून हसतो, त्याच्या वर्गात एक नेने आहे.) मेहुण्याने भाच्याला लिहिलं, ‘टेकडीवरच्या तोफा घ्या.’ त्याला म्हणायचं होतं, समोरच्या इंग्रजांच्या तोफा काबीज करा. भाच्याच्या मागेही टेकडी होती आणि तिच्यावर आमच्याच फ्रेंच तोफा. त्याने त्या इमानाने जुंपल्या आणि खाली घेऊन आला. दोन टर्न फ्रेंचांची एकही तोफ वाजली नाही. मेहुणा तोंडावर हात धरून बसला होता, कारण बोलायला बंदी! नुसत्या फाशांनी असा गोंधळ कधीच झाला नसता.

दुसरा टिकलेला नियम घोडे दमण्याचा. मूळ नियमांत घोडदळ दर टर्नला नव्या जोमाने धडकतं, जणू स्कूटरला किक मारली. आता हल्ला जिंकला की फासा टाकायचा. ४ किंवा वर पडलं तर थांबले, नाहीतर पाठलाग करत सुटले. नंतरची पूर्ण टर्न घोडे दमलेले. १८१५ मध्ये वॉटर्लूला इंग्रजांच्या युनियन ब्रिगेड या घोडदळाचं हेच झालं. फ्रेंच सेनानी देर्लोंची कोअर (मोठी फौज) उधळून ते फ्रेंच तोफांपर्यंत पोचले आणि परतताना भालाईतांनी त्यांना कापलं. हा नियम घ्याच, खर्च फक्त एका फाशाचा.

चिखलाचा नियम कागदावर फार देखणा होता. रात्रभर पाऊस पडला, ओल्या मातीत गोळे उसळत नव्हते, म्हणून नेपोलियन साडेअकराच्या सुमारापर्यंत थांबला. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच झाला की फ्रेंच खेळाडू चार टर्न चहा पीत बसायचा. तीन डावांत काढून टाकला.

दारूगोळा मोजायला प्रत्येक बटालियनला मणी दिले होते. कल्पना वॉटर्लूच्या रणांगणावरच्या ‘ला हे सँत’ या वाड्यावरून सुचली. तिथे मेजर बेरिंगच्या जर्मन रायफलवाल्यांची काडतुसं संपली आणि वाडा पडला. पण वीस बटालियन म्हणजे शंभर मणी. अर्धे सोफ्याखाली गेले, दोन-तीन झाडूबरोबर केरात. आता मणी फक्त वाड्यात अडकलेल्या तुकडीला, पाच मोजून. तिथे मजा येते.

उरलं भांडण. घोडदळ अंगावर आल्यावर पायदळाने ऐनवेळी चौकोन (चारी बाजूंना संगिनी रोखलेली रचना) बांधायचा तर फाशावर किती पडायला हवं? आम्ही मुरलेल्या पलटणीला ३, नवख्यांना ५ ठेवलं. मेहुण्याच्या मते चौकोन फार स्वस्त झालाय, घोडदळ घेऊन खेळण्यात राम नाही. माझं म्हणणं, वॉटर्लूला नेच्या घोडदळाने पुन्हा पुन्हा धडका दिल्या तरी चौकोन फुटले नाहीत. तोफा मागून आणा की! घट्ट चौकोनावर गोळा पडला की रांगेपेक्षा जास्त माणसं जातात. ते त्याला सुचत नाही. आकडे तीनदा बदलले, समेट नाही.

तक्रार एकच, डाव लांबतो. पूर्वी तीन तासांत उरकायचं, आता साडेचार. रात्रीचं जेवण प्लायवूडच्या कडेवर ताट टेकवून होतं आणि त्यावर घरातून काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

पुढची लढाई घरची, महाराष्ट्रातली असई, २३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्या जुन्या निळ्या साडीच्या काठातून कापून झाल्यात. एका बाजूला शिंदे-भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. तिथे कर्नल ऑरॉकने हुकूम चुकीचा समजून आपली तुकडी थेट असई गावावर नेली, मागोमाग ७४ वी हायलँडर पलटण गेली आणि तोफांपुढे तिची चाळण झाली. वेलस्ली मी खेळणार आहे. मेहुण्याकडे शिंद्यांच्या तोफा आहेत आणि त्याने आत्तापासून अट घातली आहे, की ऑरॉक भाच्यालाच द्यायचा.