बर्कलेने नाकारलं, आता ट्रान्सफरची वाट कुठून?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत यूसीचा, म्हणजे बर्कलेसारखे अनेक कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, नकार आला की पहिली धास्ती हीच, की आता नावावर कायमची फुली बसली. तसं होत नाही. दोन वर्षं दुसऱ्या कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घेताना यूसी कॉलेजातले गुण आणि मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, पूर्ण केलेले विषय बघते. हायस्कूल मागे पडतं. ठरवायचं ते इतकंच, की मधली दोन वर्षं काढायची कुठे.

डी अँझा, डायब्लो व्हॅलीसारख्या कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव काढलं की नातेवाईक नाक मुरडतात. पण राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून यूसीची ट्रान्सफरची दारं आधी यांच्यासाठीच उघडतात आणि ट्रान्सफर होणाऱ्यांत बहुसंख्य इथलेच असतात. राज्यातल्या रहिवाशाला फी सेमिस्टर युनिटला (कोर्स मोजायच्या मापाला) ४६ डॉलर. वर 'टॅग' नावाची प्रवेशाची लेखी हमी: यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड यांपैकी एकाच कॅम्पसला, अर्ज सप्टेंबरात. बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत, पण टॅग हातात ठेवून तिथेही अर्ज करता येतो. मला हीच वाट सगळ्यांत भक्कम वाटते.

यूसीच्याच रिव्हरसाइडला पहिल्या वर्षापासून थेट प्रवेश घेऊन तिथून बर्कलेला जाऊ, हा बेतही ऐकू येतो. जाता येतं, पण रांगेत कम्युनिटी कॉलेजवाले पुढे. फायदा एकच आणि तो मोठा आहे: ट्रान्सफर हुकली तरी चार वर्षांची पदवी त्याच कॅम्पसवर पूर्ण होते. मूल तिथे चार वर्षं आनंदाने राहील असं वाटत असेल तरच हे करा.

खासगी नामवंतांचं गणित निराळं. हार्वर्ड वर्षाला जेमतेम डझनभर ट्रान्सफर घेतं. प्रिन्स्टनने तर १९९० पासून २०१८ पर्यंत हे दारच बंद ठेवलं होतं. पहिल्या वर्षानंतर अर्ज केला तर हायस्कूलचे गुण पुन्हा तपासले जातात, म्हणजे आधी कमी पडलेलीच बाजू पुन्हा समोर. कॉर्नेल मात्र दरवर्षी शेकड्यांनी घेतं आणि काही नाकारलेल्यांना 'एक वर्ष दुसरीकडे ठरावीक गुण मिळवा, मग या' असं कळवतं. असं पत्र आलं असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा विचार करा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यालाही टॅग मिळू शकतो, पण ४६ डॉलरचा दर नाही. पुढे यूसीतही परराज्याची फी.

आणि कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर सावध. बऱ्याच ठिकाणी त्याला टॅग लागूच नाही. पहिल्या सत्राचे विषय निवडण्याआधी असिस्ट डॉट ऑर्गवर आपलं कॉलेज आणि हवं ते मेजर टाकून बघा. कुठला गणिताचा कोर्स कुठे चालतो ते तिथे लिहिलेलं असतं.