"२४० किमी स्पीड कॉम्बो" घेताय? पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

रिमोटवर उडणारी फोमबोर्डची फास्ट मॉडेल विमानं बनवायचा नाद ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहितोय, नवीन लोकांसाठी जास्त. सध्या "२४० किमी स्पीड कॉम्बो" असल्या नावाने एक प्रकार जोरात खपवला जातोय. डेल्टा विंगचे (त्रिकोणी पंखाच्या विमानाचे) आधीच कापलेले फोमबोर्डचे तुकडे, २२०५ साइझची २३०० केव्ही (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला २३०० फेरे) मोटर, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर), दोन सर्वो (पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ५ बाय ५ चे प्रॉप (५ इंच व्यास, ५ इंच पिच), प्लॅनची पीडीएफ आणि वेगळ्या पाकिटात ४एस, म्हणजे चार सेलची, लिथियम बॅटरी. ग्लू लावा आणि उडवा. सोबत एक व्हिडिओ, विमान कॅमेऱ्यासमोरून सुसाट जातं आणि खाली मोठ्या अक्षरात स्पीड. मी घेतला, आणि मोटर सोडली तर त्यातलं एकही लेबल खरं निघालं नाही.

विकणारा बोलायला एकदम गोड. सीजी (विमानाचा तोल साधणारा बिंदू) कुठे ठेवायचा, एलेव्हॉनला (पंखाच्या मागच्या हलत्या झडपेला) रिफ्लेक्स म्हणजे वरचा कल किती द्यायचा, पहिल्या फ्लाइटला थ्रो (झडप किती हलायची) किती ठेवायचे, सगळं तोंडपाठ. म्हणजे माणूस हॉबीतलाच आहे, आणि हीच गोष्ट जास्त डोक्यात जाते. जाहिरात एका मार्केटप्लेसवर होती, पण दोन मेसेजनंतर सुरू झालं की सर तिथे कमिशन फार कापतात, डायरेक्ट ट्रान्सफर करा, एक एक्स्ट्रा प्रॉप सेट टाकतो. डायरेक्ट म्हणजे काय तर ओळखीच्या माणसाला पाठवतो तसं पर्सनल पेमेंट, ज्याला नंतर कुठलंही बायर प्रोटेक्शन लागत नाही. एवढा सगळा खटाटोप त्या एका गोष्टीसाठी असतो.

बॅटरीपासून सुरू करतो कारण खरी मजा तिथे आहे. वर छापलंय १५०० एमएएच, १००सी (कपॅसिटीच्या शंभर पट करंट देते असा दावा). हातात घेतल्यावरच हलकी वाटली म्हणून काट्यावर ठेवली तर ११० ग्रॅमच्या आसपास. १५०० ची चांगली ४एस रेसिंग बॅटरी वायर आणि कनेक्टर धरून १७०-१९० ग्रॅमच्या घरात असते, आता ६०-८० ग्रॅम कमी वजनात तेवढीच कपॅसिटी बसवायची विद्या याच्याकडे असती तर हा कशाला फोमबोर्डचे तुकडे विकत बसला असता. चार्जरला लावली तर प्रत्येक सेल ४.१८ व्होल्टला, म्हणजे जवळजवळ फुल. नवी बॅटरी स्टोरेज व्होल्टेजला येते, सेलमागे ३.८ च्या आसपास किंवा थोडी खालीच, फुल चार्ज करून कोणी शहाणा माणूस पाठवत नाही. म्हणून चार्जरवरच पूर्ण डिस्चार्ज केली आणि परत भरली, साधारण ८२० एमएएच आत गेले आणि चार्जर म्हणतो झालं, फुल. इंटर्नल रेझिस्टन्स (सेलच्या आतला विरोध, जितका कमी तितका चांगला) तीन सेलचा १४-१५ मिलिओम आणि चौथ्याचा २६. म्हणजे ३० अँपिअर ओढले की त्या एका सेलवरच पाऊण व्होल्टच्या वर पडणार, फुल चार्ज असताना सुद्धा तो थ्रॉटल देताच ३.४ वर येऊन बसणार. आणि लेबल म्हणतंय १५०० ला १००सी, म्हणजे १५० अँपिअर देते म्हणे.

शेवटी बाहेरचं काळं श्रिंक (घट्ट बसवलेलं प्लास्टिकचं आवरण) कोपऱ्यात नखाने हळूच सोललं. खाली दुसरं निळं श्रिंक, त्यावर मार्करने खोडलेलं पण उजेडात तिरपं धरल्यावर सरळ वाचता येणारं "८५० ३५सी". कोणाची वापरून झालेली बॅटरी होती देव जाणे. (असं सोलून बघायचं असेल तर ब्लेड अजिबात लावू नका, सेलला टोक लागलं तर पेट घेते.)

ईएससीला मी माझी स्वतःची चांगली बॅटरी लावली, नाहीतर नंतर बॅटरीवर ढकलायला मोकळा. मधे वॉटमीटर, मोटर टेबलला क्लॅम्प केलेली, मी प्रॉपच्या मागे उभा. ५ बाय ५ प्रॉपवर ही मोटर ४एसला ३० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे ४० च्या ईएससीला आरामात झेपायला पाहिजे. मीटरवर २२ दिसले आणि करपल्याचा वास आला, तेवढ्यात श्रिंक फुगून धूर, आणि त्याच क्षणी दोन्ही सर्वो मेले. हे सर्वो मरणं लक्षात घ्या. रिसिव्हर आणि सर्वोला ५ व्होल्ट देणारा बीईसी त्याच बोर्डवर असतो, नुसती मोटर बंद पडली तर विमान ग्लाइड करून उतरवता येतं पण बीईसी गेला की हातात फक्त रेडिओ उरतो आणि अर्धा किलोच्या वरचं विमान शंभरच्या स्पीडने जिथे तोंड असेल तिथे जातं. नकली लेबलचा राग येतो तो पैशांपेक्षा यासाठी येतो.

फोमबोर्ड "एअरो ग्रेड" म्हणून सांगितलेलं, निघालं स्टेशनरीवालं साधं ५ मिमी. ते चालतं तसं, पण बोथट ब्लेडने कापल्यामुळे कडांचा फोम उपटलेला, आणि एलेव्हॉनची बिजागरीची बाजू अशी असेल तर स्पीडला फ्लटर, म्हणजे झडपेची जोरात फडफड, ठरलेला. सर्वोला "मेटल गिअर" लिहिलंय, आत प्लास्टिक. प्लॅन तर कोणीतरी फुकट टाकलेला, वरचं नाव पुसून स्वतःचं टाकलंय, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मूळ डिझायनरचं नाव तसंच राहिलंय हे या महाशयांना सुचलं नाही. वर पान आक्रसवून सेव्ह केलेलं, त्यामुळे ५ मिमीचे स्लॉट ४.७ येतात आणि शीट आत जात नाही.

आता व्हिडिओ. ही युक्ती सगळ्यांनी शिकून घ्या, हिला पैसे लागत नाहीत आणि पार्सल यायचीही वाट बघावी लागत नाही. विमान येताना आवाज चढा लागतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, न थांबता जाणाऱ्या ट्रेनच्या भोंग्यासारखा. फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही ॲप घ्या आणि दोन्ही आकडे बघा. याच्या व्हिडिओत येताना १५०० हर्ट्झच्या आसपास, जाताना १२१०. फरक २९०, बेरीज २७१०, भागाकाराला आवाजाच्या वेगाने म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरने गुणा, येतात ३६ मीटर, म्हणजे तासाला १३० किमी. खाली लिहिलंय २४०. पास सरळ आणि कॅमेऱ्याच्या जवळून असेल तर ही पद्धत चांगली चालते, वारा असेल तर दोन्ही दिशांचे पास बघून सरासरी काढा.

पण विमान दिसायला १३० पेक्षा खूप फास्ट दिसत होतं, ते कसं? व्हिडिओच फास्ट केलेला. त्याने आवाज दोन्ही बाजूंना सारखाच चढतो, फरक आणि बेरजेचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून स्पीडचं उत्तर बदलत नाही, आणि वर चोरीही पकडली जाते. त्या दोन आकड्यांवरून प्रॉपचा मूळ आवाज निघतो १३४० हर्ट्झ, दोन पात्यांचा प्रॉप म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे सेकंदाला ६७० फेरे, मिनिटाला ४० हजारांच्या वर. २३०० केव्हीची मोटर फुल चार्ज ४एसवर, १६.८ व्होल्टला, प्रॉप न लावता सुद्धा ३८,६४० च्या पुढे जात नाही. प्रॉप लावून ४० हजार कुठून आणले?

आणि व्हिडिओ नसेल तरी हिशोब करता येतो. लोडखाली ही मोटर २६-२७ हजार आरपीएम देईल असं धरा, ५ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात कागदावर ५ इंच पुढे, गुणाकार केला की येतात तासाला १९८ ते २०६ किमी. लेव्हल फ्लाइटमध्ये फोमबोर्डचं विमान सहसा याच्याही बरंच खाली राहतं, कारण वेग वाढला की लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. १३० वरून २४० ला जायला सहा पटींच्या वर पॉवर पाहिजे, ती ८५० च्या बॅटरीतून येणारे होय? बरं १३० सुद्धा घरी चिकटवलेल्या फोमला वाईट नाही हो, खरं सांगून विकलं असतं तर मी खुशीने घेतलं असतं.

तक्रार केल्यावरची उत्तरं आता मला पाठ झालीयेत. आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का, मी म्हटलं आहे, पाठवला. मग तुम्ही क्रॅश केलं असेल, मी म्हटलं अजून ग्लू पण लावला नाही. मग खराब बॅटरी रिटर्नला विमानाने पाठवता येत नाही सर, नियम आहे. नियम खरा आहे, खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदीच आहे, पण त्याच नियमांत सुटी बॅटरी ३० टक्क्यांच्या वर चार्ज ठेवून विमानाने पाठवायलाही मनाई आहे, आणि याने तीच बॅटरी फुल चार्ज करून एअर कुरिअरने पाठवलेली. हे लिहिल्यावर उत्तर बंद. बऱ्याच दिवसांनी मेसेज आला की अर्धे पैसे देतो, फोटो डिलीट करा. फोटो डिलीट केले नाहीत, पैसे अर्थातच आले नाहीत.

कोणाकडूनही असा सेट घेत असाल तर बॅटरी काट्यावर ठेवलेला फोटो मागा आणि मूळ आवाजासकट, न कापलेला व्हिडिओ मागा, जो खरा विकणारा आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. या माणसाने आता अकाउंटचं नाव बदललंय आणि त्याच व्हिडिओवर ढणढण म्युझिक टाकून मूळ आवाज काढून टाकलाय, त्यामुळे वरची युक्ती तिथे चालणार नाही. पण कॉम्बोचा फोटो जुनाच वापरतोय. त्यात डाव्या एलेव्हॉनवर ब्लेड घसरल्याची एक तिरपी रेघ आहे, बोटभर लांब, फोटो झूम केला की दिसते.