एका बटणाचा टोन: देवळाला कोणता, घराला कोणता

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत भजनी मंडळाला नवा अँप्लिफायर घ्यायचा म्हटलं की बोलणं वॉटवर सुरू होतं आणि वॉटवरच संपतं. टोनच्या बटणाकडे कुणाचं लक्ष नसतं. हरिपाठातला शब्द मागच्या रांगेपर्यंत कळणार की नुसताच घुमणार, हे मात्र बरंचसं त्या बटणामागे काय जोडलंय यावर ठरतं. बाहेरून बटणं सारखीच दिसतात, वर 'टोन' एवढंच छापलेलं असतं. आतली जोडणी तीन तऱ्हांची असू शकते आणि तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

सगळ्यांत जुनी आणि स्वस्त तऱ्हा म्हणजे ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, कापणारी. जुन्या रेडिओत हीच, लहान अँप्लिफायरमध्ये बहुधा हीच, इलेक्ट्रिक गिटारवरही हीच. आत दोनच वस्तू: एक पॉट, म्हणजे बटणाने कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स (विजेला अडथळा), आणि एक कंडेन्सर. सिग्नलच्या वाटेवरून ग्राउंडकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूकडे, एक फाटा काढलेला असतो आणि त्यावर हे दोघे एकामागे एक बसवलेले असतात. कंडेन्सर खालच्या सुरांना अडवतो, वरच्यांना जाऊ देतो. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला, तर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपासच्या पखवाजाच्या घुमाऱ्याला तो सुमारे ७२,००० ओहमचा अडथळा करतो. १०,००० हर्ट्झच्या टाळाच्या किणकिणाटाला फक्त ७२० ओहमच्या आसपास. पॉटचा रेझिस्टन्स पूर्ण असेल तेव्हा त्या फाट्याने फारसं काही जात नाही, आवाज मोकळा राहतो. बटण फिरवून रेझिस्टन्स कमी करत आणला की वरचे सूर ग्राउंडला निघून जातात. आवाज आधी मऊ होतो, मग बसका.

हे बटण वाढवत काहीच नाही, फक्त कापतं. दुकानदार याला उणीव म्हणेल. देवळासाठी मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. वाढवणारं बटण हाताशी असलं की कुणी ना कुणी ते टोकापर्यंत फिरवतोच. १० डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढवायचं म्हणजे त्या सुरांपुरती अँप्लिफायरकडे दहापट पॉवर मागायची. आधीच जोरात चाललेला ५० वॉटचा अँप्लिफायर ती कुठून आणणार? आवाज फाटतो, भोंग्याचं युनिट (आतला आवाज काढणारा भाग) जळतं आणि सप्ताहाच्या ऐन मध्यावर धावपळ होते.

कापण्याचीही किंमत असते, ती ध्यानात ठेवा. माईक शीळ घालायला लागला की सरळ टोन खाली ओढायची आपल्याकडे सवय आहे. वरच्या पट्टीतली शीळ त्याने थांबते, पण शब्दही जातो. 'स'ची धार बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर असते, 'श'ची थोडी खाली. ती गेली की भोंग्यावरून पुकारलेलं 'सात वाजता' लांबच्या गल्लीत 'आठ वाजता' ऐकू येतं. मग लोक म्हणतात, "काय कळंनाच झालंय की वो, नुसतं घुमालंय." आमच्या भागात एकाच माईकवरून मराठी आणि कन्नड दोन्ही पुकारायचं असतं, दोन्हींत अर्थ व्यंजनांवरच उभा आहे. म्हणून आधी माईक भोंग्याच्या तोंडासमोरून हलवा, बोलणाऱ्याला जवळ घ्या, आणि तरीही शीळ राहिली तरच टोन थोडा कमी करा.

दुसरी तऱ्हा टिल्टची. तागडीच्या दांडीसारखं तिचं काम चालतं: खर्ज आणि ट्रेबल यांतली एक बाजू खाली गेली की दुसरी वर. मधला टेकू साधारण ७०० ते १,००० हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि तिथला आवाज जागचा हलत नाही. ब्रिटनच्या क्वाड कंपनीने ४४ आणि ३४ या आपल्या प्रीअँप्लिफायरवर (अँप्लिफायरच्या आधी जोडायच्या यंत्रावर) असा टिल्ट दिला होता. तो अगदी थोड्या डेसिबलचा, टप्प्याटप्प्याने फिरणारा होता, आणि तेवढाच पुरतो. नुसतं बटण फिरवताना हा फरक किरकोळ वाटेल, पण तासभर गाणं ऐकायला बसलात की तोच मोलाचा ठरतो.

घरी ऐकायला मी डोळे झाकून टिल्टच घ्यायला सांगेन. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी जुनी तबकडी लावा. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं बऱ्याचदा पातळ लागतं आणि वर खरखर असते. टिल्ट जरा खर्जाकडे झुकवला की खरखर मागे सरते, तंबोऱ्याला थोडं अंग येतं आणि गळा मात्र होता तिथेच राहतो. नुसत्या ट्रेबल कापणाऱ्या बटणाने खरखर जाईल, पण अंग येणार नाही.

हाच टिल्ट भोंग्यावर वापरणार असाल तर सांभाळून. भोंगा काही शे हर्ट्झच्या खाली नीट वाजतच नाही. टिल्ट खर्जाकडे झुकवला की ते सूर वाढून युनिटकडे जातात, बाहेर ऐकू काहीच येत नाही, आणि आतला पडदा मात्र जास्त हलून हलून खराब होतो. देवळावर भोंगे असतील तर टिल्ट नको. बॉक्स स्पीकर असतील आणि सप्ताहभर एकच जाणता माणूस मशीनवर बसणार असेल, तर चालेल.

तिसऱ्या तऱ्हेवर फार वेळ घालवायची गरज नाही. तिच्यात सिग्नल दोन वाटांनी जातो, एकीवर फक्त खर्ज, दुसरीवर फक्त ट्रेबल, आणि बटण या दोघांतलं प्रमाण ठरवतं. बटण मध्यावर असताना १,००० हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो. गिटारवाल्यांच्या बिग मफ या फझ पेडलमध्ये (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, पायाने चालवायच्या यंत्रात) हीच जोडणी आहे आणि फाटक्या गिटारच्या आवाजाला ती शोभतेही. माणसाच्या आवाजाला नाही. जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झवर सगळं बोलणं पोचवायचा. शब्द जिथे राहतो नेमकी तीच जागा हे बटण पोकळ करतं. मुलाला गिटारसाठी पेडल हवं असेल तर खुशाल घ्या, पण मंडळाच्या पैशातून नको.

मग बास आणि ट्रेबलची दोन वेगळी बटणं का नकोत, असं कुणीही विचारेल. प्रश्न बरोबर आहे. ब्रिटिश इंजिनिअर पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ साली मांडलेली दोन बटणांची जोडणी आजही असंख्य अँप्लिफायरमध्ये आहे. दोन्ही बटणं मध्यावर असली की आवाज सपाट, आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात. मशीनवर रोज एकच माणूस बसत असेल तर तीच घ्या, एका बटणाचा हट्ट धरू नका. पण बऱ्याच देवळांत जो आधी येतो तोच स्विच टाकतो. कालच्या कीर्तनाला बास कुठे होता, ट्रेबल कुठे होता, हे आज काकड्याला आलेल्याला माहीत नसतं. तिथे कापणाऱ्या एका बटणाचा साधा अँप्लिफायरच मी निवडेन.

बेळगावला किंवा कोल्हापूरला दुकानात गेलात की डब्यावरचं छापील वाचत बसू नका. मंडळातला खड्या आवाजाचा एक माणूस सोबत न्या, त्याला माईकवर अभंगाची एक ओळ म्हणायला लावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. वरचा आवाज कमी होताना खालचा आहे तसाच राहिला तर बटण कापणारं. खालचा फुगत गेला तर टिल्ट. दोन्ही टोकांना भरलेला आवाज मध्यावर पोकळ झाला तर तिसरी तऱ्हा, ती तिथेच ठेवून या.

फिरवताना आणखी एक बघा. निम्म्याहून जास्त फिरवूनही काही फरक पडत नाही आणि शेवटच्या जराशा जागेत आवाज एकदम बसतो, असं असेल तर पॉट चुकीच्या जातीचा आहे. रेझिस्टन्स सारख्या प्रमाणात बदलणारा लिनिअर पॉट, ज्यावर 'बी' लिहिलेलं असतं, कापणाऱ्या टोनला असाच वागतो. उजवीकडे फिरवल्यावर आवाज खुलत असेल तर तिथे 'ए' खुणेचा लॉग पॉट (रेझिस्टन्स आधी सावकाश, मग झपाट्याने बदलणारा) हवा. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात दमट हवेने आणि धुळीने पॉट खरखरायला लागतातच. तेव्हा आधी वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, आणि तरी खरखर गेली नाही तर दुरुस्तीवाल्याला जुन्या पॉटवरचं अक्षर वाचून तोच बसवायला सांगा.